आम्हाला मर्यादा पाहिजे

तरुण पिढीला सामाजिक न्यायासाठी उद्युक्त करणं ही माझी नोकरी होती. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच होती, आणि तिचा पगारही मिळत होता. हैदराबादच्या जुन्या, दाटीवाटीच्या भागातल्या एका खासगी कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायचे. राज्यशास्त्राच्या बाईंना काम कमी असतं असा सगळ्या स्टाफरूमचा समज असल्यामुळे कॉलेजचं समाजसेवा पथक माझ्या गळ्यात पडलं, ते निवृत्त होईपर्यंत काही निघालं नाही. कॉलेजचं नाव मी सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि ते दिवाळी अंक वाचत नाहीत.

बाहेरच्या लोकांची या धंद्याबद्दल फार गोड समजूत असते. त्यांना वाटतं, आधी कुठेतरी अन्याय होतो, मग मुलांचं रक्त सळसळतं, मग मुलं रस्त्यावर उतरतात. असं काही नसतं. आधी बॅनर असतो. बॅनर छापून आला की प्रमुख पाहुणे ठरतात. पाहुण्यांची वेळ मिळाली की मुलांना हजेरीची धमकी देऊन गोळा करायचं. आणि हे सगळं जमून आलं की मग कुणाला तरी आठवतं की अन्याय कुठला ते अजून ठरलेलं नाही.

आमचे बॅनर आबिड्सच्या एका गल्लीतले भाई छापून द्यायचे. अतिशय सज्जन माणूस. मी दुकानाची पायरी चढले की हातातलं काम बाजूला ठेवून विचारायचे, "आव मेडम, इस बार कायका इन्साफ है?" मी विषय सांगायचे. ते जुनी फाइल उघडायचे, वर्ष बदलायचे, पाहुण्यांचा फोटो बदलायचे, आणि चहा मागवायचे. एकदा गडबडीत त्यांनी मागच्या वर्षीचाच विषय ठेवला. आमची मुलं 'बेटी पढाव' ओरडत निघाली आणि त्यांच्या डोक्यावर 'पाणी वाचवा'. रस्त्यावर कुणाला फरक पडला नाही. पाहुणेही बॅनरखाली उभे राहून योगासनांवर बोलले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

थंडीत ब्लँकेटवाटप. त्यासाठी आम्ही नामपल्ली स्टेशनबाहेर जायचो. तिथे एक म्हातारे बाबा फुटपाथवर असायचे, त्यांना आमच्या धंद्यातलं सगळं माहीत झालं होतं. आमच्या पोरांनी ब्लँकेट उघडून त्यांच्या खांद्यावर टाकलं की ते पोरांना फोटोसाठी जागा दाखवायचे, "बेटा, तुम इधर से आव. उधर सूरज सामने आरा, तुम्हारा मूं काला दिखता." त्यांच्या अंथरुणाखाली बाकीच्या कॉलेजांची ब्लँकेटं गादीसारखी घातलेली असायची. आमचं ब्लँकेट ते सगळ्यात वर ठेवायचे, निदान आम्ही जाईपर्यंत. मला त्यांच्याबद्दल आदर होता. सगळ्या कार्यक्रमात आपलं काम मन लावून करणारे तेवढे एकच होते.

आणि आमचे विद्यार्थी! ते माझ्या खोलीत यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "मॅडम, याला क्रेडिट किती?" हल्ली समाजसेवेलाही गुण असतात. गुण म्हटले की आमची मुलं गटारसुद्धा उपसतील, फक्त त्यांना आधी सांगावं लागतं की फोटो कुठे चिकटवायचा. एक मुलगा मला म्हणाला होता, "मॅडम, गाव जरा हायवेवरचं बघा ना, येताना ढाब्यावर थांबता येतं." तो आता कुठल्याशा कंपनीत समाजसेवेच्याच विभागात मोठा अधिकारी आहे. त्याचं भलं झालं, मला आश्चर्य वाटलं नाही.

या धंद्याचा एक नियम कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, तो मी सांगते. अन्याय लांब असला पाहिजे. बसने जावं लागेल इतका तरी लांब. आम्ही दूरदूरची गावं दत्तक घेतली. तिथल्या गल्ल्या झाडल्या, आणि त्या रोज झाडणाऱ्या बायका ओट्यावर बसून आमच्या पोरींचे झाडू धरायचे हात बघत हसत राहिल्या. आम्ही जातिभेदावर पथनाट्य केलं ते दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन. कॉलेजच्या फाटकाच्या आत अन्याय नसतो. आत असते ती शिस्त. माझ्या उभ्या नोकरीत हा नियम एकदाच मोडला. ती हकिगत सांगण्यासाठीच संपादकांनी मागितलेली पानं मी भरते आहे.

मृण्मयी नावाची मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. आईवडील पुण्याचे, दोघंही आयटीत, राहायला गच्चीबावलीला. तिकडची मुलं आमच्या कॉलेजात सहसा येत नाहीत, पण हिला आमच्याकडचाच एक विषय हवा होता. मराठी फाडफाड बोलायची, म्हणजे निम्मं मराठी. वाचायचं म्हटलं की बोट ठेवून, अक्षर लावत वाचायची. "मॅडम, अ‍ॅक्च्युअली मला ना काहीतरी रिअल करायचंय. ब्लँकेट वगैरे नाही." असं म्हणणारी मुलं दर वर्षी दोन-चार येतात आणि पावसाळा संपेपर्यंत निवळतात. मी तिला टाळण्यासाठी सांगितलं, "पिण्याच्या पाण्यावर काहीतरी कर. कॉलेजातच कर. कोण किती पाणी पितं ते विचार." उन्हाळा जवळ आला होता आणि या विषयावर कुणी रागवत नाही असा माझा अनुभव होता.

ती पाणी विचारत विचारत यादम्मांपर्यंत पोहोचली.

यादम्मा आमच्या कॉलेजात झाडलोट करायच्या. ठेकेदाराचं माणूस, म्हणून कॉलेजच्या कुणी नव्हेत. पण मी लागले त्याच्या थोडंच नंतर त्या आल्या असतील. चादरघाटच्या पुलापलीकडे राहायच्या, चालत यायच्या. दुपारी पुढच्या पायऱ्यांवर, नोटीस बोर्डाच्या खाली, आपला डबा घेऊन बसायच्या. स्वभाव तिखट. पायऱ्या पुसल्यावर कुणी चप्पल घालून गेलं की त्याच्या सात पिढ्या काढायच्या. तेलुगूतून काढायच्या, म्हणून आमच्या पाहुण्यांना तो आशीर्वाद वाटायचा. मी पुष्कळदा त्यांना चहा देऊ केला होता. त्या हात हलवून म्हणायच्या, "नक्को मेडम." हा शब्द मराठीचाच, आमच्या माणसांच्या तोंडून दखनीत, म्हणजे इथल्या उर्दूत, गेला आणि द्वित्त होऊन अख्ख्या हैदराबादचा झाला. यादम्मांना चहा आवडत नसावा, असं मी धरून चालले होते.

मृण्मयीने त्यांना विचारलं, "आप दिनभर में कितना पानी पीते?"

"पानी नै पीते," यादम्मा म्हणाल्या.

"मतलब कम पीते?"

"पीतेच नै. पीके जाना किधर?"

मृण्मयी माझ्या खोलीत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. प्रकार असा होता. झाडलोट करणाऱ्या बायकांसाठी जनरेटरच्या मागे एक संडास होता. त्याचं दार मोडल्यावर तिथे मोडकी बाकं भरली आणि कुलूप लावलं. मुलींचं, स्टाफचं, पाहुण्यांचं, सगळी स्वच्छतागृहं या बायका रोज दोनदा घासत. पण वापरायची त्यांना परवानगी नव्हती. लिहिलेला नियम कुठेच नव्हता. सुपरवायझर तोंडी सांगायचा आणि तेवढं पुरायचं. बायका सकाळी घरून जाऊन येत आणि संध्याकाळपर्यंत घशाला कोरड पाडून राहत.

आता मी काय म्हणणार? वर्षानुवर्षं मुलांना न्याय शिकवणाऱ्या बाई, आणि त्यांच्या खोलीपासून वीस पावलांवर हे. मृण्मयी म्हणाली, "मॅडम, हे तर आपल्याच कॉलेजात आहे!" मुलगी हुशार होती, नियम मोडला हे तिच्या लगेच लक्षात आलं.

तिने दोन-चार मैत्रिणी जमवल्या आणि यादम्मांना जाऊन विचारलं की तुम्हाला काय काय हवं आहे ते सांगा. पोरींची तयारी मोठी होती. त्यांना वाटलं, बाई संडास मागतील, पगारवाढ मागतील, सुट्टी मागतील, मग आपण घोषणा करू. यादम्मांनी हातातला झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाल्या, "मर्यादा कावाली."

मृण्मयी उड्या मारत आली. "मॅडम, त्या मराठीच बोलल्या! मर्यादा पाहिजे म्हणाल्या. मर्यादा म्हणजे रिस्पेक्ट ना?"

तेलुगूत तोच अर्थ आहे. मर्यादा म्हणजे मान. 'मर्यादेने बोल' म्हणजे मान देऊन बोल. तेलुगूत कुणाला मान द्यायचा तर नावापुढे 'गारू' लावतात आणि 'नुव्वु' न म्हणता 'मीरु' म्हणतात, आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखं. यादम्मांना आमच्या कॉलेजात शेंबडं पोरसुद्धा 'नुव्वु' म्हणायचं. 'ए यादम्मा, इटु रा', ए यादम्मा, इकडे ये, हीच त्यांची हाक. हे सगळं मी मृण्मयीला समजावून सांगितलं. मराठीत मात्र त्या शब्दाचा अर्थ वेगळा होतो, हेही सांगायला तोंड उघडलं, पण पोरगी तोवर जिन्याखाली पोहोचली होती. चळवळीला धीर नसतो.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डाशेजारी पुठ्ठ्याचा मोठा फलक लागला. वाकड्यातिकड्या देवनागरीत, लाल रंगात: 'यादम्मांना मर्यादा पाहिजे!' मराठीत का, तर आमचे करस्पॉन्डंट साहेब मराठी, त्यांना त्यांच्या भाषेत सांगावं ही मृण्मयीची कल्पना. इकडच्या खासगी कॉलेजात संस्थेच्या कारभाऱ्याला करस्पॉन्डंट म्हणतात. नाव पत्रव्यवहार बघणाऱ्याचं, पण प्रिन्सिपॉल त्यांच्यापुढे उभे राहून बोलतात. बाकीच्या पोरींनी फलक वाचला, त्यांना तेलुगू अर्थ कळला, त्यांना तो झकास वाटला. सगळ्या इमारतीत त्यातली चूक कळू शकेल अशी माणसं दोन. एक मी, आणि मी त्या दिवशी परीक्षेच्या कामाला बाहेर होते. दुसरे करस्पॉन्डंट साहेब.

त्यांचं घराणं निजामाच्या काळापासूनचं, मराठवाड्याकडून आलेलं. घरात मराठी, दुकानात दखनी, आणि तेलुगू माझ्यापेक्षा उत्तम, कारण त्यांची सगळी कुळं तेलुगू होती. यादम्मांना काय म्हणायचं आहे हे त्यांना न कळणं शक्यच नव्हतं. पण माणूस सोय बघून भाषा निवडतो. साहेबांनी तो फलक शुद्ध मराठीत वाचला.

"अगदी बरोबर आहे मुलांचं," मी परतल्यावर ते मला म्हणाले. "मर्यादा पाहिजेच. मीही कधीचं तेच बोलतोय."

दोन दिवसांत पिवळा पट्टा आला. मागच्या जिन्यापाशी, जनरेटरच्या खोलीअलीकडे, फरशीवर हातभर रुंद पिवळा रंग मारला. खाली नोटीस की विद्यार्थ्यांच्या मागणीवरून सफाई कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा ठरवून देण्यात येत आहे. काम नसेल तेव्हा त्यांनी पट्ट्याच्या पलीकडे बसावं. पुढच्या पायऱ्यांवर बसू नये. मागच्या फाटकाने यावं-जावं. त्या नोटिशीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. इतकी काळजी घेऊन लिहिलेलं मराठी मी कॉलेजात पहिल्यांदा पाहिलं.

यादम्मांची पायरी गेली. उन्हाळ्यात जनरेटरच्या तोंडाशी, डिझेलच्या वासात डबा खायची पाळी आली, तीही या पोरींच्या कृपेने. मृण्मयी रडत माफी मागायला गेली. यादम्मांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "नक्को अम्मा," त्या म्हणाल्या, "तुमारी मदद नक्को. मेरी सीडी थी, वो भी गई."

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. पण फलक लागला याचा अर्थ यादम्मांनी पोरींना चिथावलं असा निघाला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, ती बाई जास्त बोलते. समिती येऊन जाऊ द्या, मग तिला पटानचेरूच्या साइटवर टाकायला सांगतो ठेकेदाराला. तिथे कारखान्यात कोण बोलतंय तिच्याशी." पटानचेरू म्हणजे शहराचं दुसरं टोक. चादरघाटहून रोज तिकडे जाणं यादम्मांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, हे साहेबांना ठाऊक होतं. बदली म्हणजे काढून टाकणंच होतं, फक्त ते 'काढलं' म्हणून दिसणार नव्हतं.

समिती म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करायला येणारी बाहेरच्या प्राध्यापकांची समिती. ती आली की कुंड्या भाड्याने येतात आणि ग्रंथालयात अशी मुलं बसवतात ज्यांनी ग्रंथालयाचं दार पाहिलेलं नसतं. ती यायला थोडेच दिवस उरले होते.

मृण्मयी माझ्यापुढे बसून म्हणाली, "मी रील टाकते मॅडम. सगळं व्हायरल करते." तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, मोर्चा काढू, बॅनर करू. मी त्यांच्यावर जी काय ओरडले! आजवर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, बॅनर छापून झाला, आता त्याची फळं त्या बाई भोगताहेत. रीलमध्ये तुमचा चेहरा दिसेल आणि नोकरी त्यांची जाईल. काही करायचं असेल तर असं करा की ज्याचा फोटो निघणार नाही. माझ्या सगळ्या नोकरीतलं सर्वांत मोठं काम कुठलं असं कुणी विचारलं, तर त्या आठवड्यात मी आबिड्सला गेले नाही, हेच.

पोरी मान खाली घालून निघून गेल्या. मला वाटलं, झालं, निवळल्या. मी त्यांना ओळखलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मृण्मयी एकटीच पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे गेली, फरशीवर मांडी घालून बसली, आणि आपला डबा उघडला. यादम्मांनी पाठ फिरवली. हिने जेवण केलं. डबा बंद करून म्हणाली, "यादम्मागारू, मेरेकू वॉशरूम जाना है."

"जाव ना. मेरेकू कायकू बोलते?"

"अकेली कैसा जाऊँ?"

ज्यांनी मुली असलेल्या कॉलेजात कधी पाय ठेवलेला नाही त्यांना सांगते. मुली स्वच्छतागृहात एकट्या जात नाहीत. का जात नाहीत ते मुलींनाही सांगता येणार नाही, पण बरोबर मैत्रीण लागते. ही रीत कॉलेजच्या कुठल्याही नियमापेक्षा जुनी आहे आणि ती पाळायला कुणाला नोटीस काढावी लागत नाही.

"कोई फ्रेंड को लेके जाव," यादम्मा म्हणाल्या.

"फ्रेंडकोच बोलरी मैं."

तिचं दखनी ऐकून यादम्मांना हसू फुटलं. त्या उठल्या, पदर खोचला, आणि पुटपुटत तिच्याबरोबर निघाल्या. दारात सुपरवायझर होता. त्याने हात आडवा केला. मृण्मयी यादम्मांचा हात धरून म्हणाली, "भैया, हम दोनों साथ में हैं." त्याने आयुष्यात दोन मुलींना तिथे अडवलं नव्हतं. तो बाजूला झाला.

मग ते रोजचं झालं. झाडलोट करणाऱ्या जितक्या बायका होत्या तितक्या पोरी तयार झाल्या, आणि पुढे त्याहून जास्त. ज्यांना क्रेडिट हवं होतं त्यांनीही विचारलं नाही की याला किती. दुपारच्या सुट्टीत पोरगी आणि बाई, पोरगी आणि बाई, अशा जोड्या पुढच्या जिन्याने वर जायच्या. घोषणा नाही, फलक नाही. साहेबांनी सुपरवायझरला झापलं, तो म्हणाला, "सर, फ्रेंड बोलरे. फ्रेंड को कैसा रोकूं?" साहेबांनी मला विचारलं, मी म्हटलं, मुलींच्या खासगी गोष्टींत मी पडत नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले, आणि तेही रागाने. इतकं सोपं होतं ते.

समिती आली. कुंड्या आल्या. समितीत एक वयस्क बाई होत्या, परराज्यातल्या, चेहऱ्यावरची माशीही न हलणाऱ्या. जेवणानंतर त्यांना स्वच्छतागृहात जायचं होतं. पाहुण्यांचं नेमकं तुंबलं होतं, म्हणून मी त्यांना मुलींच्याकडे घेऊन गेले. तिथे जोड्यांची रांग लागलेली. सगळ्यात पुढे मृण्मयी आणि यादम्मा.

बाईंनी विचारलं, "ये क्या है?"

"मॅम, हम लोग अकेले नहीं जाते," मृण्मयी म्हणाली. "फ्रेंड के साथ जाते."

बाईंनी यादम्मांचा निळा कोट पाहिला, हातातला मॉप पाहिला. "और ये?"

"ये फ्रेंड है."

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रांगेत मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना काय कळलं आणि काय नाही हे मला आजवर समजलेलं नाही. पण अहवाल आला तेव्हा त्यात आमच्या इमारतीबद्दल बरं काही नव्हतं, ग्रंथालयाबद्दल तर नव्हतंच. एका गोष्टीची मात्र तोंड भरून स्तुती होती: विद्यार्थिनी आणि सफाई कर्मचारी यांच्यातलं सख्य. हा उपक्रम इतर कॉलेजांनी घ्यावा आणि पुढच्या भेटीत त्याची प्रगती पाहू, असंही होतं.

साहेबांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग चष्मा काढून मला विचारलं, "मॅडम, हा उपक्रम आपला होता?"

"हो सर," मी म्हटलं. "तुमच्याच मार्गदर्शनाखाली."

त्यानंतर पटानचेरूचं नाव कुणी काढलं नाही. पुढच्या भेटीत समितीने यादम्मांना शोधलं तर दाखवायला त्या हव्या होत्या. पिवळा पट्टा एका दिवसात निघाला. टर्पेंटाइन लावून तो घासायला साहेबांनी यादम्मांनाच लावलं, यावरून सुधारणा किती खोल गेली होती ते लक्षात येईल.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. जनरेटरमागचा संडास अजून उघडलेला नाही. त्यात आता भाड्याच्या कुंड्यांपैकी परत न गेलेल्या ठेवल्या आहेत. मृण्मयी पास होऊन बंगळूरला गेली. मी निवृत्त झाले. समाजसेवा पथकाला नवे तरुण प्राध्यापक मिळाले, ते परवा मुलांना घेऊन लांबच्या एका गावात झाडू मारून आले, फोटो छान आहेत. हैदराबादेत 'परवा' म्हणजे गेल्या दहा वर्षांतला कुठलाही दिवस. हळहळ एकाच गोष्टीची वाटते, की इतक्या पोरी माझ्या हाताखालून गेल्या, त्यांच्यात मृण्मयी किती होत्या ते पाहायला मी बॅनर कधी खाली ठेवलाच नाही.

पण त्या वर्षी सत्कार झाला होता. अहवालाचा आनंद म्हणून साहेबांनी सभागृहात यादम्मांचा सत्कार ठेवला. बॅनर होता, सांगायलाच नको. भाईंनी आपणहून विचारलं होतं, "इस बार सच्चा इन्साफ है क्या मेडम?" साहेबांनी माइकवर कागद वाचला, 'श्रीमती यादम्मागारू' म्हणाले, शाल घातली, फोटो झाला. यादम्मा फोटोत चिडलेल्या दिसतात. त्यांना त्या गरमीत शाल नको होती.

मग चहा. माणसं पांगली, खुर्च्या अस्ताव्यस्त पडल्या. पोरी अजून घोळक्याने उभ्या होत्या. यादम्मा पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर शाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या, हातात चहाचा कप. किटली माझ्याजवळ होती. साहेब दाराकडे निघाले, वळले, आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "ए यादम्मा! कुर्चीलु तिय्यि!" खुर्च्या उचल.

"गारू!" सगळ्या पोरी एकदम ओरडल्या.

सभागृह दणाणलं. साहेब चमकले. त्यांना वाटलं असेल, काही पडलं. "काय?" ते म्हणाले. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली, "यादम्मा, ते..."

"गारू!"

या वेळी मागच्या दारातला सुपरवायझरसुद्धा ओरडला, मी पाहिलं. साहेबांचा चेहरा लाल झाला. माझ्याकडे बघत राहिले, जणू मी काही मदत करणार होते. त्यांना मराठी येत होतं, दखनी येत होतं, तेलुगू तर उत्तम येत होतं. या वेळी मात्र एकाच भाषेतला एकच शब्द चालणार होता आणि तो गिळता येत नव्हता. शेवटी कडू काढा घ्यावा तसं तोंड करून ते म्हणाले, "यादम्मा... गारू. कुर्चीलु तिय्यंडी." खुर्च्या उचला.

यादम्मा उठल्या नाहीत. त्यांनी कप तोंडाला लावला, शेवटचा घोट घेतला, आणि "चाय हो जाने देव, सर," असं शांतपणे म्हणाल्या. मग रिकामा कप माझ्यापुढे धरला.

"और थोडा डालो, मेडम."